सुटलेले नेम

धर्म बुडत चालला आहे, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गावच्या कीर्तनात ऐकली, लग्नाच्या पंगतीत ऐकली, आता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन दिवसांनी वाचते. तक्रारीतला तपशील फारसा बदलत नाही. मुली कुंकू लावत नाहीत, मुंज झालेली मुलं संध्या करत नाहीत, तिन्हीसांजेला घरात शुभंकरोती होत नाही, पितृपक्षात श्राद्धाला दिवस काढायला कुणाला सवड नाही. सांगणारे खोटं सांगत नाहीत, हे सगळं खरंच कमी झालंय. पण त्याच वेळी देवस्थानांच्या रांगा लांबत चालल्या आहेत, नाक्यानाक्यावर मंडळ आहे, पाडव्याला शोभायात्रा निघतात, नवरात्रात अख्खी ऑफिसं त्या त्या दिवशीच्या रंगात येतात. इतका देव रस्त्यावर असताना बुडालं ते नेमकं काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. काहीतरी बुडालंय हे मलाही जाणवतं. फक्त ते कुंकवात नाही.

असं काही मनात आलं की मला आजी आठवते. आमचं घर दक्षिण रत्नागिरीतलं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, चारही महिने आजीचा कुठला ना कुठला नेम असायचा. एका वर्षी वांगं वर्ज्य, एका वर्षी एकभुक्त, एका वर्षी मौनाने जेवण. मौनाचा नेम माझ्या चांगला लक्षात राहिलाय, कारण त्यात नुसतं गप्प बसणं नव्हतं. पानात जे पडेल ते खायचं, मागायचं काही नाही, खूण करूनसुद्धा नाही. एकदा आईकडून आमटीत मीठ घालायचं राहिलं. आजी आम्हा पोरांबरोबर पहिल्या पंगतीला बसली होती. आम्ही दहीभातावर होतो, आम्हाला पत्ता नाही. आजीने आमटीभात कालवला, नेहमीच्या संथपणे संपवला, हात धुतले आणि पडवीत सुपारी कातरायला बसली. तासाभराने आई जेवायला बसली, तेव्हा पहिल्याच घासाला तिच्या लक्षात आलं. ती उष्ट्या हाताने तशीच बाहेर गेली. "आई, आमटी अळणी होती. निदान पान तरी बाजूला सारायचं!" आजी सुपारीवरची नजर न काढता म्हणाली, "नेम मी धरलाय. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

तो नेम तिने कुणाला सांगितलेला नव्हता. घरातल्या बायकांना कळायचा तो स्वयंपाकाच्या सोयीपुरता. शेजारच्या घरीसुद्धा त्याची चर्चा नसे. कार्तिकात उद्यापन व्हायचं, सोडलेली वस्तू दान द्यायची आणि विषय संपायचा. चार महिने जिभेला आवर घातल्याने जगात काय बदलत होतं? काही नाही. बदलायची ती बाई स्वतः. कुणी टोचून बोललं तर तिला लगेच उत्तर सुचत नसे असं नाही, चांगलं धारदार सुचायचं, पण ती ते गिळायची. त्या गिळण्याची तालीम मला वाटतं अळणी आमटीत झालेली होती.

आता याच आजीचं दुसरं चित्र. तेही मी पाहिलंय आणि ते लपवून पहिलं सांगण्यात अर्थ नाही. दलित वस्तीतून एक बाई सुपं-रोवळ्या घेऊन यायची. ती अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडे कधीच नाही, अशी उभी राहायची. तिने पाणी मागितलं की आजी तांब्या उंच धरून वरून तिच्या ओंजळीत धार सोडायची. दुसऱ्या हाताने लुगड्याचा काठ सावरून धरायची, थेंब उडू नये म्हणून. ती बाई वाकून, कोपरापर्यंत भिजत प्यायची. आणि माझी आत्या, जी ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली होती, ती चैत्रातल्या हळदीकुंकवाची सगळी तयारी करायची, डाळ वाटायची, पन्हं करायची आणि बायका यायला लागल्या की माजघराच्या आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिला तिथे जा असं कुणी म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती.

आजीच्या लेखी हे सगळं एकच होतं. मौनाचं जेवण, वरून सोडलेलं पाणी, आतल्या खोलीतली आत्या, सगळा धर्मच. मला मात्र त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसतात आणि ऱ्हासाची चर्चा करताना आपण त्यांची गल्लत करतो असं माझं ठाम मत आहे. एका प्रकारात माणूस स्वतःला बांधून घेतो. दुसऱ्या प्रकारात तो दुसऱ्याला बांधतो. अळणी आमटीचा भार आजीने सोसला. आतल्या खोलीचा भार आत्याने सोसला आणि पुण्य मात्र घराच्या खात्यावर गेलं.

दुसऱ्या प्रकारातलं जे जे सुटलं, त्याला मी ऱ्हास म्हणायला तयार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आत्या तोवर गेलेली होती. ती बातमी वाचताना मला रडू आलं, आणि आपली परंपरा बुडाली असं एक क्षणही वाटलं नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही ते नाहीच. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ साली नागपुरात ते खरं केलं. ज्यांना जुन्या काळी धर्म जिवंत होता असं वाटतं, त्यांनी त्या बंद दाराशी थोडा वेळ उभं राहावं. आत पूजाअर्चा यथासांग चालू होती. सोवळंओवळं कडक होतं.

तेव्हा माझं दुःख वेगळं आहे. दुसऱ्याला बांधणारं जे होतं त्यातलं पुष्कळ अजून शिल्लक आहे, काही तर नव्याने तरारलंय. स्वतःला बांधून घेणारं जे होतं, ते मात्र भराभर सुटतंय.

आमच्या गावच्या ग्रामदेवतेची राई होती. होती असंच म्हणायला हवं. कोकणात आणि सह्याद्रीच्या सगळ्या पट्ट्यात अशा देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. पण गावातल्यांना त्यात अभ्यासण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नसेल, कारण ती राई देवीची होती, एवढं पुरेसं होतं. आत चपला घालून जायचं नाही. झाड तोडायचं नाही. पडलेली फांदीही उचलायची नाही, ती तिथेच कुजली पाहिजे. आजी सरपण गोळा करायला डोंगरावर जायची तेव्हा राईच्या कडेकडेने, लांबच्या वाटेने वर चढायची. आत ऐन-किंजळाच्या जाड वाळक्या फांद्या पडलेल्या तिला दिसायच्या. चूल तर रोज दोनदा पेटवायची असे. तरी तिचा हात आत गेला नाही. गारंबीचे मांडीएवढे वेल, सातविणीचा उग्र वास, खाली ओलसर पाचोळा आणि त्याच्या पोटातून निघालेला झरा, ज्यावर खालची वाडी उन्हाळा काढायची. देवळाच्याच कामाला लाकूड लागलं तर गुरवाकडून कौल लावायचा. देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घालायचं आणि ठरलेल्या बाजूची कळी पडेपर्यंत थांबायचं. पडली नाही तर लाकूड नाही.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मुंबईकरांनी उत्साहाने वर्गणी जमवली, कमी पडली, आणि उरलेल्या पैशांसाठी राईतली झाडं ठेकेदाराला विकली. जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं झालं. गाभाऱ्यात ग्रॅनाइट आलं, बाहेर पेव्हर ब्लॉक. कळस उंच झाला, तो आता हमरस्त्यावरून दिसतो. कौल लावला का, असं एका म्हाताऱ्या गुरवाने विचारलं होतं. काम देवीचंच आहे, देवी कशाला नको म्हणेल, असं त्याला उत्तर मिळालं. त्या उत्तरात मला सगळा ऱ्हास दिसतो. कौलाचा अर्थच असा होता की देवी नको म्हणू शकते. तिच्या होकाराची आधीच खात्री असेल, तर तिच्यासमोर उभं राहायचं कशाला? झरा आता माघातच बारीक होतो. आणि गावात कुणाला विचारलं तर सगळे अभिमानाने सांगतात की पूर्वीपेक्षा आता देवस्थान खूप सुधारलं.

देवळात बसलं की पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव, बाकावर नाव, पायरीवर नाव. पायरीवर आपलं नाव असावं यामागे भक्तांची पायधूळ लागावी असा जुना नम्र भाव होता. पंढरपूरच्या नामदेव पायरीची तीच कथा आहे. पंख्यावरच्या नावाला तो भाव जोडता येत नाही. तैत्तिरीय उपनिषदात, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो त्यात दान कसं द्यावं हेही आहे. श्रद्धेने द्यावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, आणि लाजून द्यावं, भीत भीत द्यावं. देणाऱ्याने लाजायचं! एवढी सुंदर गोष्ट आपल्याकडे कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवली आणि आपण चेक देताना फोटोग्राफरची वाट बघतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीची सव्वीस लक्षणं येतात. अभय, दान, स्वाध्याय, अहिंसा, सत्य, अक्रोध, शांती, दुसऱ्याच्या पाठीमागे वाईट न बोलणं, दया, मृदुपणा, लाज, क्षमा, कुणाचा द्रोह न करणं, स्वतःला फार मोठं न समजणं. ही यादी मी पुष्कळदा वाचली आहे. त्यातलं एकही लक्षण दुसऱ्याने काय करावं याबद्दल नाही. सव्वीसच्या सव्वीस गोष्टी ज्याच्या त्याने स्वतःशी करायच्या आहेत. त्याच अध्यायात पुढे आसुरी लोकांचं वर्णन येतं आणि त्यात, दंभाने केलेले, नावापुरते यज्ञ स्पष्टपणे घातलेले आहेत. म्हणजे यज्ञ करणारा माणूसही त्या बाजूला असू शकतो, हे गीतेला ठाऊक होतं.

या यादीतला अक्रोध तर आज जवळजवळ उलटा झालाय. ज्याला जास्त राग येतो तो जास्त धार्मिक, अशी समजूत रूढ होत चालली आहे. कुणी काही बोललं, लिहिलं, चितारलं की भावना दुखावतात, आणि ज्याच्या दुखावत नाहीत त्याच्या श्रद्धेवर शंका घेतली जाते. पैठणच्या एकनाथांची गोष्ट आपण मुलांना अजून सांगतो. गोदावरीत स्नान करून वर येताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ परत स्नानाला जायचे, तो परत थुंकायचा, असं शंभरावर वेळा झालं आणि शेवटी थुंकणाराच वरमला. नाथ त्याला म्हणाले, तुझ्यामुळे मला आज इतकी स्नानं घडली. गोष्ट घडली तशीच असेल किंवा नसेल. मराठी माणसाने ती चारेकशे वर्षं जपली, कारण थोर माणूस असाच असतो असं त्याला वाटत होतं. आज असा प्रसंग ओढवला तर नाथांना त्यांचेच भक्त भेकड म्हणतील, अशी मला भीती वाटते.

आवाजाबद्दल लिहायचं टाळणार होते, कारण ते लिहिलं की इतरांचे भोंगे का दिसत नाहीत असं विचारलं जातं. दिसतात, ऐकूही येतात. नियम सगळ्यांना एकच आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. पण माझं गाऱ्हाणं कायद्याचं नाही. सासरे शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले असताना विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती आमच्या खिडकीखाली दोन तास थांबल्या होत्या. खिडकीची काच थरथरत होती आणि त्यांचा हात माझ्या हातात थरथरत होता. मुलं वाईट नव्हती. मी खाली जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला, आवाज कमी केला आणि मी जिना चढेपर्यंत परत वाढवला. यातल्याच काहींनी २०१९ साली कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा देखाव्याचे पैसे तिकडे वळवले होते, टेम्पोत धान्य घालून रात्रीतून निघाले होते. त्यांच्यात दया आहे. उत्सवात स्वतःला आवर घालणं हासुद्धा पूजेचा भाग असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आपण सांगितलेलं नाही.

जिथे ते अजून सांगितलं जातं अशी जागा मी पाहिली आहे, म्हणून मी निराश नाही. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचते तेव्हा समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो, आणि चोपदार हातातला चोप उंच करतो. हजारो माणसं एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकून घेतात. गाऱ्हाणं मांडायची एवढी सुरेख रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि त्यानंतर हरवलं-सापडलंची यादी पुकारतात. कुणाचं घड्याळ, कुणाची पिशवी, कुणाचे पैसे. वाटेत सापडलेली वस्तू माणसं आणून देतात, कुणी पाहिलेलं नसताना. आमच्याकडे नळदुरुस्तीला येणारे एक मामा माळकरी आहेत. एकदा नळ गळायचा थांबला तेव्हा मी वायसरचे पैसे विचारले. "वायसर बदलला नाही ताई, नुसता आवळलाय. गळ्यात माळ आहे, खोटं नाही सांगता येत," म्हणाले. माळ घालताना खरं बोलेन, परस्त्रीला आई मानेन, मद्यमांसाला शिवणार नाही, एकादशी आणि वारी चुकवणार नाही असं वारकरी कबूल करतो. ते कबूल करणं त्यांच्या हातातल्या पान्यापर्यंत उतरलेलं होतं.

हे सगळं मी माझ्या मुलीला बोलून दाखवलं. ती कायद्याचा अभ्यास करते, तिला माझं म्हणणं सहजी पटत नाही. "आई, पण पणजी इतकी वर्षं नेम करत होती ना? मग तिला त्या बाईच्या हातात तांब्या का देता आला नाही? काय उपयोग झाला त्या नेमांचा?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर जे सुचलं ते असं की नेमाने ताकद येते, दिशा येतेच असं नाही. आजीकडे ताकद होती, पण तिला कुणी सांगितलं नाही की ती कशासाठी वापरायची. साने गुरुजींना दोन्ही ठाऊक होतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महाराष्ट्रभर फिरले आणि मग १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस. उपास हे आपल्या धर्मातलं अगदी जुनं, घरोघरच्या बायकांच्या ओळखीचं साधन. गुरुजींनी त्याचा भार स्वतःच्या देहावर घेतला आणि दुसऱ्यासाठी दार उघडवलं. ज्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, त्या दारातून त्यांची माणसं आत गेली. धर्म टिकवला म्हणायचा तर तो त्या दहा दिवसांत टिकला, असं मी मुलीला म्हटलं.

ती म्हणाली, "बरं, मग आपल्या गावातल्या दोन स्मशानांचं काय?"

आमच्या गावात अजून दोन स्मशानं आहेत. वरच्याला पत्र्याची शेड आहे, खालचं वहाळाच्या काठी उघड्यावर. आषाढ-श्रावणात खालच्या वस्तीत कुणी गेलं तर चितेवर ताडपत्री धरून माणसं उभी राहतात. वरच्या शेडचं कुलूप त्यांच्यासाठी निघत नाही. जीर्णोद्धाराच्या खात्यात थोडे पैसे शिल्लक आहेत आणि त्यातून देवळाला कमान बांधायचं घाटतंय. शिमग्याच्या आधी गावकीची बैठक असते. कमानीऐवजी स्मशानाचा रस्ता करावा आणि एकच शेड सगळ्यांना खुली ठेवावी, हा विषय तिथे मांडायचा असं आम्ही दोघींनी ठरवलंय. काकांना कुणकुण लागली आहे. काल त्यांचा फोन आला होता, देवीच्या बैठकीत असले विषय आणू नकोस म्हणून. मी त्यांना म्हटलं, काका, याच बैठकीत आणणार, आणि पटलं नाही तर कौल लावू या. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिकिटं काढलीस का?"